खारीसाठी पाणी ठेवताय? मग आधी ती कुठून पिते ते बघा

मार्च लागला की सगळ्यांच्या स्टेटसला तोच मेसेज फिरायला लागतो, पक्ष्यांसाठी पाणी ठेवा, मग आपणही एक वाटी भरून खिडकीत ठेवतो, चिमण्या येतात, कबुतरं येतात, कावळा येऊन त्यात शिळी पोळी भिजवून जातो, पण खार काही येत नाही. समोरच्याच झाडावर दिवसभर चिकचिक चालू असते तिची पण वाटीकडे ढुंकून बघत नाही. तहान लागत नाही असं अजिबात नाहीये. वाटी तिच्या रस्त्यात नाहीये, किंवा रस्त्यात आहे पण तिथे थांबायची तिला भीती वाटते. ९० टक्के प्रॉब्लेम हा जागेचाच असतो, भांड्याचा नाही आणि पाण्याचा तर नाहीच.

म्हणून आधी हे बघूया की खार मुळात पाणी मिळवते कुठून. आपल्याकडे पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर अशा शहरांत दिसते ती पाच पट्ट्यांची खार (रामाची तीन बोटं वगैरे ठीक आहे, पण नीट बघा, मधले तीन ठळक असतात आणि कडेचे दोन फिकट). वजन जेमतेम शंभर ग्रॅम. एवढ्याशा जिवाच्या अंगात पाण्याचा साठा तो किती असणार, त्यामुळे तिला दिवसभर थोडं थोडं पाणी मिळवत राहावं लागतं आणि त्यातलं बरंचसं ती पीत नाही तर खाते. पेरू, जांभूळ, उंबर, चिकू, कोवळे कोंब, कळ्या, किडे, या सगळ्यात पाणी असतंच. जानेवारी ते मार्चमध्ये सावर फुलते तेव्हा सकाळी सकाळी झाडाखाली उभं राहून बघा, मैनांच्या बरोबरीने खारी फुलात तोंड खुपसून मध पीत बसलेल्या असतात, तो मध म्हणजे साखरेचं पाणीच की. थंडीत पानावरचं दव चाटतात. शिवाय अन्न पचून जळताना शरीरात थोडं पाणी तयार होतं ते वेगळंच, १०० ग्रॅम चरबी जळली तर साधारण तेवढंच, किंबहुना जरा जास्तच पाणी बनतं. पण वाळवंटातले काही उंदीर जसे जवळजवळ त्याच्यावरच जगतात तसं आपल्या खारीचं नाहीये. तिला बाहेरचं पाणी लागतं, विशेषतः एप्रिल-मे मध्ये जेव्हा फुलं संपलेली असतात, पानं रखरखीत झालेली असतात आणि दव पण नसतं. पिल्लांना पाजणारी मादी असेल तर अजून जास्त.

यातूनच एक गोष्ट लक्षात घ्या जी बरेच जण उलटी करतात. खारीला शेंगदाणे आवडतात म्हणून आपण उन्हाळाभर नुसते कोरडे शेंगदाणे टाकत राहतो, त्यात खारे वगैरे असतील तर विचारूच नका. शेंगदाण्यात पाणी जेमतेम ६-७ टक्के, आणि त्यातलं प्रोटीन पचल्यावर जो युरिया तयार होतो तो लघवीवाटे बाहेर टाकायला परत पाणीच लागतं. म्हणजे लाड करता करता आपण तिची तहान वाढवतो. त्यापेक्षा काकडीची एक चकती ठेवा, तिच्यात ९५ टक्के पाणी. कलिंगड ९२ च्या आसपास, टोमॅटो पण तसाच, पपई ८८. आणि हे सगळं बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात, रोज नाही, आणि संध्याकाळी उरलेलं उचलायचं नाहीतर मुंग्या आणि रात्री उंदीर. कलिंगडाचं साल पांढऱ्या गरासकट ठेवलं तरी चालतं, उगाच लाल भाग द्यायची गरज नाही, तो आपण खावा.

आता जागा. घाई करू नका, एक-दोन दिवस सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर चहा घेऊन नुसतं बघत बसा, कारण भर दुपारी खार सावलीत पडून असते, तेव्हा बघून काही कळत नाही. खारीचे रस्ते ठरलेले असतात, या फांदीवरून त्या केबलवर, तिथून कंपाउंडच्या भिंतीवर, भिंतीवरून पाईपने गच्चीवर. आणि त्या रस्त्यावर ती आत्ता कुठेतरी पाणी पीत असणारच. गच्चीवरची टाकी ओव्हरफ्लो होऊन जिथे ओल राहते तिथे, एसीच्या पाईपमधून थेंब पडतात तिथे, कुंडीखालच्या ताटलीत, बागेच्या गळक्या नळाशी, गाड्या धुतात त्या कोपऱ्यात. ती जागा सापडली की अर्धं काम झालं, कारण तुमचं भांडं तिच्या जवळच, तिच्याच रस्त्यावर ठेवायचंय. नवीन ठिकाणी बोलावण्यापेक्षा हे शंभर पटीने सोपं.

एसीचं पाणी पितेच आहे की मग वेगळं कशाला, असं कोणीतरी विचारतंच. अहो ते पाणी कॉइलवरून आणि ट्रेमधून येतं, ट्रेमध्ये बुळबुळीत शेवाळ असतं, धूळ असते, सर्व्हिसिंगच्या वेळचं केमिकल असू शकतं. नाइलाजाने पिते ती. वॉशिंग मशीनच्या पाण्याचं तर बोलायलाच नको.

जागा निवडताना तीन शत्रू डोळ्यासमोर ठेवा, मांजर, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) आणि कावळा. मांजर झुडपात दबा धरून बसते म्हणून भांडं दाट झुडपाला खेटून नको, निदान दोन-तीन पावलं मोकळी जागा हवी, पण चार बाजूंनी उघड्यावर पण नको कारण वरून शिक्रा बघत असतो. बेस्ट म्हणजे झाडाच्या बुंध्याशी किंवा खरखरीत भिंतीला लागून, कंबरेएवढ्या किंवा त्याहून जास्त उंचीवर, म्हणजे काही खुट्ट झालं की एका उडीत वर. दोन जाड फांद्यांच्या बेचक्यात भांडं घट्ट बसवता आलं तर मग प्रश्नच मिटला. बाल्कनी असेल तर ग्रिलच्या ज्या बाजूला फांदी किंवा पाईप जवळ आहे ती बाजू. आणि सावली पाहिजेच, सकाळी सावली असलेल्या जागी दुपारी दोनला ऊन येतं का ते पण बघून घ्या. अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे उन्हातलं पाणी प्यायलायक राहत नाही, हात घालवत नाही त्यात.

भांडं मातीचंच घ्या. कुंभाराकडे मिळते ती परळ, किंवा कुंडीखालची मातीची ताटली, रंग किंवा चकाकी न लावलेली. मातीतून पाणी थोडं झिरपतं आणि त्यामुळे गार राहतं, जड असल्यामुळे उलटत नाही आणि काठ खरखरीत असल्यामुळे तिचे पाय घसरत नाहीत. स्टीलची वाटी तापते, प्लॅस्टिकचा डबा वाऱ्याने उडतो आणि खार तो कुरतडते पण. खोली दोन बोटं पाणी राहील इतकीच, आणि मध्ये एक चपटा दगड ठेवा जो पाण्याच्या वर येईल. दगड मस्ट आहे, खारीला पण टेकायला होतं आणि मधमाश्या बिचाऱ्या बुडत नाहीत.

पाणी साधं नळाचं. आरओ वगैरे काही नको. टँकरच्या पाण्याला क्लोरीनचा भपकारा येत असेल तर बादलीत काही तास उघडं ठेवून मग घाला. गूळ, साखर, मीठ, इलेक्ट्रॉल, ग्लुकोज काही काही टाकायचं नाही त्यात, उन्हाळ्यात माणसाला चालतं म्हणून खारीला चालतं असं नसतं, शिवाय गोड पाण्यावर मुंग्या आणि बुरशी फटाफट येते. बर्फाची पण गरज नाही, माती तेवढं गार ठेवते.

रोज बदला. रोज म्हणजे रोज, वर नुसती भर टाकायची नाही, ओतून द्यायचं आणि नवीन भरायचं. एकतर कावळा त्यात काय काय आणून भिजवतो (हाडं, पाव, एकदा अख्खा वडापाव), आणि दुसरं म्हणजे डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांतून एकदा नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने काठासकट खसाखसा घासायचं, गरम पाण्याने धुवायचं, उन्हात कडक वाळवायचं. साबण नको, माती साबण पिते आणि नंतर सोडत बसते. दोन परळ घेऊन ठेवा, एक वापरात एक उन्हात. सोसायटीत कोणी डासांवरून भांडायला आलं तर हे सांगता येतं, नाहीतर त्यांचं बरोबरच आहे.

कबुतरं हा वेगळा विषय. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद झाला ते सगळ्यांनी बघितलंय. कठड्यावर दाणे टाकलेत की पाण्याचं भांडं कबुतरांचंच होणार, त्यामुळे दाणे बंद. भांडं छोटं ठेवा आणि जिथे सपाट उतरायला जागा नाही अशा ठिकाणी, बुंध्याला टेकून किंवा खालच्या फळीवर वरून झाकण येईल असं. खार बुंध्यावरून डोकं खाली करून येते आणि तशीच लटकून पिते, तिला अंगण लागत नाही.

हे सगळं करून पण चार-पाच दिवस कोणी फिरकलं नाही तर लगेच जागा बदलत बसू नका. शेजारी काकडीचा तुकडा ठेवा, आणि तुम्ही स्वतः तिथे उभं राहून मोबाईल रोखू नका. एकदा आली की जागा तिच्या लक्षात राहते, नंतर तर भांडं रिकामं असलं तर येऊन ओरडेल.

आणि हो, दुपारी एखादी खार फरशीवर किंवा फांदीवर चारी पाय पसरून पोट टेकवून चपटी पडलेली दिसली तर ती मेलेली नाहीये, तिच्यावर पाणी मारू नका. खारीला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळपायांना येतो तेवढाच, मग ती गार जागेला पोट लावून उष्णता काढते. न्यूयॉर्कच्या पार्क खात्याला २०२२ च्या उन्हाळ्यात लोकांना सांगावं लागलं होतं की खारी अशा पडल्या तर घाबरू नका, तिकडच्या खारी वेगळ्या पण सवय तीच. जवळ गेल्यावर टुणकन पळाली म्हणजे ठीक आहे.

पाणी ठेवण्याइतकंच महत्त्वाचं, आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे उघडी पिंपं. तहानलेली खार अर्ध्या भरलेल्या ड्रमच्या काठावर येते, खाली वाकते, आत पडते आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर तिला चढता येत नाही. पोहते थोडा वेळ, मग दमते. बांधकामाची टाकी, बादली, हौद सगळीकडे हेच. झाकण लावा, नाहीतर एक खरखरीत लाकडी फळी तिरकी टाकून ठेवा किंवा तरटाचा तुकडा काठावरून आत तळापर्यंत सोडा, त्याला धरून ती वर येते. दोन मिनिटांचं काम आहे.

शेतीवाल्यांना हा विषय वेगळ्याच कारणाने माहितेय. उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या उंदीर आणि खारी कुरतडतात, आत पाणी आहे हे त्यांना बरोबर कळतं, आणि एका भोकाने पुढची अख्खी ओळ कोरडी. म्हणून बरेच जण बांधावर, झाडांच्या सावलीत मातीची भांडी भरून ठेवतात. फरक पडतो, पण शंभर टक्के नाही, कारण कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्यांना काहीतरी चावावंच लागतं, तहान असो नसो. भांडी ठिबकच्या नळ्यांपासून लांब, बांधाच्या झाडांकडे ठेवा म्हणजे खार पिकात यायचं कारणच कमी होईल. कोकणात शहाळ्याला भोक पाडते तिथे मात्र पाण्याच्या भांड्याने काही होत नाही, तिथे खोबरं पण हवं असतं तिला.

शेकरूसाठी पाणी ठेवू का, असंही विचारतात भीमाशंकर, महाबळेश्वरला फिरायला गेलेले लोक. नको. शेकरू आपला राज्यप्राणी, दीड-दोन किलोचा गडी, जवळजवळ सगळं आयुष्य झाडावर काढतो, फळं आणि पानांतलं पाणी आणि ढोलीत साचलेलं पाणी यावर भागवतो. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, पण शेकरूची गणना पाणवठ्यावर होत नाही, त्याची घरटी मोजतात. तुम्ही खाली पाणी किंवा बिस्किटं ठेवलीत तर तो जमिनीवर उतरायला शिकेल आणि खाली कुत्रे आहेत.

खरंच उष्माघात झालेली खार सापडली, म्हणजे हात लावला तरी पळत नाही, डोळे अर्धवट मिटलेले, एका कुशीवर पडलेली, तर पहिली गोष्ट, तोंडात पाणी ओतू नका. ड्रॉपरने पण नको. अर्धवट शुद्धीत पाणी फुफ्फुसात जातं आणि मग वाचत नाही. जाड फडक्याने उचला (चावते, आणि चांगली चावते), भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापडावर ठेवा, खोकं सावलीत, शांत जागी. तळपाय ओल्या फडक्याने पुसले तर चालतं, गार पाण्याची अंघोळ नको. नीट शुद्धीवर आली, बसायला लागली तर बाटलीच्या झाकणात पाणी समोर ठेवा, तिचं ती पिईल. तासाभरात तरतरीत झाली तर त्याच झाडापाशी सोडा. नाही झाली तर वाट बघू नका, जवळचा प्राण्यांचा डॉक्टर किंवा वन विभागाची १९२६ हेल्पलाईन. पिल्लू असेल तर गाईचं दूध पाजू नका, त्याने जुलाब होतात आणि असलेलं पाणी पण जातं अंगातलं. आधी घरट्याखाली उघड्या खोक्यात ठेवून थोडं लांबून बघा, बऱ्याचदा आई येऊन तोंडात धरून घेऊन जाते.

जूनमध्ये पाऊस नीट लागला की परळ धुऊन पालथी घालून ठेवा, पावसात भरलेलं भांडं म्हणजे डासांची सोय. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत बाहेर काढायची. काढताना तडा गेलाय का बघून घ्या, मातीची भांडी पालथी ठेवली तरी एखादी चिरतेच.