ओरायन बारचं मॉडेल आणि 4000 केल्विनचा घोळ

मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धुरकट ठिपका दिसतो, त्या तेजोमेघाच्या एका कडेला वायूची उजळ पट्टी आहे: ओरायन बार. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशात तापलेल्या ढगाचं मॉडेल करायला शिकायचं तर इथूनच सुरुवात करा. पट्टी आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे तिचे थर सुटे सुटे बघता येतात.

मी क्लाउडी वापरते, अशा वायूच्या ढगांचं गणित करणारा प्रोग्राम. फुकट आहे, आणि इनपुट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, ओळीला एक आज्ञा.

आधी तारा: थीटा-1 ओरायनिस सी, सुमारे 39,000 केल्विन. त्याचे 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे, म्हणजे हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन तोडणारे, फोटॉन पट्टीच्या अलीकडच्या आयनित वायूतच खपतात, म्हणून ते ‘एक्स्टिंग्विश’ या आज्ञेने कापून टाका. उरलेल्या प्रकाशाची तीव्रता हाबिंग या अतिनील प्रकाशाच्या एककात काही दहा हजार. (पेपरात ड्रेन हे दुसरं एकक असेल तर 1.7 ने गुणा. हे हमखास राहतं.) घनता लॉगमध्ये द्यायची, 5 लिहिलं की घन सेंटिमीटरला एक लाख हायड्रोजन अणू.

धूळ आणि पीएएच (कार्बनच्या कड्यांचे मोठे रेणू) विसरू नका. अतिनील प्रकाश त्यांच्यातून इलेक्ट्रॉन उडवतो आणि वायू मुख्यतः त्यानेच तापतो. वैश्विक किरणांचीही एक ओळ टाका, आतल्या काळोखात तेच कामाला येतात.

माझं पहिलं मॉडेल काही सेकंदांत संपलं. मी खूश! पण कार्बनची 158 मायक्रॉनची वर्णरेषा जवळपास गायब. दोन दिवस कार्बनचं प्रमाण खालीवर करत बसले. मग आउटपुटची शेवटची पानं वाचली: तापमान किमान मर्यादेखाली गेलं म्हणून गणित थांबलं होतं. क्लाउडी मुळात 4000 केल्विनखाली थांबतो आणि माझा वायू पहिल्याच थरात त्याहून थंड. म्हणून ‘स्टॉप टेंपरेचर ऑफ’ लिहा, आणि थांबायची जागा विलोपनाने, म्हणजे धुळीने प्रकाश किती मंदावला त्यावरून, सांगा. 10 मॅग्निट्यूड पुरतात. गणित पुन्हा फिरवणारी ‘इटरेट’ ही आज्ञाही हवीच.

निरीक्षणांशी जुळवताना ऑक्सिजनची 63 मायक्रॉनची रेषा छळते. मॉडेल ढगाकडे समोरून बघतं, आपण कडेने. पारदर्शक रेषा कडेने जास्त उजळ दिसतात, पण 63 ची स्वतःच्याच वायूत अडकते, त्या पटीत वाढत नाही. तिच्यासाठी घनता वाढवत बसण्याआधी ऑक्सिजनचीच 145 मायक्रॉनची रेषा जुळते का ते बघा.