कॅटलॉगसाठी पायथन शिकताय? आधी नुसतं मोजायला शिका

लायब्ररीतली बरीच मंडळी हौसेने पायथनचा कोर्स लावतात आणि मधेच सोडून देतात, कारण तिथल्या उदाहरणांचा आपल्या कामाशी काही संबंधच नसतो. माझं मत विचाराल तर लिस्ट, डिक्शनरी, फॉर लूप आणि इफ एवढं जमलं की पायमार्क ही पायथनची लायब्ररी (म्हणजे कॅटलॉगच्या रेकॉर्डचा जो मार्क फॉरमॅट असतो, तो वाचणारा-लिहिणारा तयार कोड) टाकायची आणि सरळ आपल्याच रेकॉर्डवर बसायचं, बाकीचं गरजेप्रमाणे येत जातं.

मार्क फाइल नोटपॅडमध्ये उघडून हाताने दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. हा फॉरमॅट 1960 च्या दशकातला, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम यांच्या पुढाकाराने झालेला, मॅग्नेटिक टेपच्या जमान्यातला. सुरुवातीला 24 कॅरेक्टरचा लीडर, त्यातले पहिले पाच आकडे म्हणजे अख्ख्या रेकॉर्डची लांबी, ती पण बाइटमध्ये, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे एक काना जरी वाढवला तरी हिशेब चुकला. पायमार्क हे सगळं स्वतः सांभाळतं.

पहिले काही दिवस काहीही बदलू नका, नुसतं मोजा. मार्कमध्ये प्रत्येक फील्डला तीन आकडी नंबर असतो, तर 020 म्हणजे आयएसबीएन किती रेकॉर्डमध्ये नाहीये, 650 म्हणजे विषयाच्या फील्डमध्ये कुठला विषय किती वेळा आलाय वगैरे. पायथनमधलं काउंटर (मोजणी करणारं तयार साधन) वापरलं तर दहा-बारा ओळींत होतं, आणि एकच विषय चार स्पेलिंगने पडलेला दिसतो ना, तेव्हा खरी मजा येते. मग जरा पुढे जा, 008 मधलं प्रकाशनाचं साल आणि 264 या प्रकाशनाच्या फील्डच्या सी सबफील्डमधलं (उपभागातलं) साल जुळतंय का बघा. 008 मध्ये ते 07 ते 10 या जागांवर असतं, मार्क पण शून्यापासूनच मोजतं म्हणून पायथनमध्ये सात ते अकरा असा स्लाइस (तुकडा) घ्यायचा (अकरावा धरला जात नाही, इथे नवखे हमखास गोंधळतात). जुन्या रेकॉर्डमध्ये 264 नसून 260 असणार, तेही तपासायचं.

बदल करायची वेळ आली की नेहमी नवीन फाइलमध्येच लिहायचं, मूळ फाइलला हात नाही. आणि पायमार्कच्या रीडरने एखाद्या रेकॉर्डऐवजी नन (None, म्हणजे 'काहीच नाही') दिलं तर ते रेकॉर्ड वाचताच आलेलं नाही, ते गपचूप गाळू नका, वेगळं नोंदवा.

सगळंच ऑटोमॅटिक करायचा मोह पण आवरा. 245 या शीर्षकाच्या फील्डचा दुसरा इंडिकेटर घ्या, म्हणजे क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची ते सांगणारा आकडा, इंग्रजी शीर्षक 'द' ने सुरू झालं तर तिथे 4 हवा, तीन अक्षरं आणि एक स्पेस, सोपंय. पण 'ए' ने सुरू होणाऱ्याला सरसकट 2 दिलात तर 'ए टू झेड' वाली पुस्तकं भलतीकडेच जाऊन बसतील, कारण तिथला 'ए' आर्टिकल नाहीचे. अशा शीर्षकांची कोडने यादी काढायची, स्प्रेडशीटमध्ये टाकायची आणि कॅटलॉगरने नजरेखालून घालायची, आणि काम एवढंच असेल तर कोडही नको, मार्कएडिट या तयार सॉफ्टवेअरमध्ये होऊन जातं.