युरोपात ट्रेनच्या तिकिटांवर पैसे कसे वाचवायचे

युरोप स्वस्तात कसं करायचं असं कुणी विचारलं की सगळे विमानाच्या तिकिटावरच बोलायला लागतात, अमुक वारी बुक करा, मोबाईलवरून नको लॅपटॉपवरून करा वगैरे. मी चार वेळा जाऊन आलेय, दोनदा आई-बाबांना घेऊन आणि दोनदा नवरा आणि मुलीबरोबर, आणि ठामपणे सांगते की विमानात जे काही पाच-सात हजार वाचतात त्याच्या कितीतरी पट पैसे तिथे उतरल्यावर एका शहरातून दुसऱ्या शहरात जाण्यात जातात. आणि नेमकं त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. "पास काढून टाका, टेन्शन नाही" एवढंच सांगतात.

विमानाचं एका वाक्यात: जायचं एका शहरात आणि परत यायचं दुसऱ्या शहरातून, म्हणजे पॅरिसला उतरा आणि रोमहून निघा. त्याच शहरातून परतीचं तिकीट काढलंत तर शेवटचा एक दिवस आणि एक मोठा ट्रेन प्रवास निव्वळ मागे येण्यात जातो.

आता व्हिसा, कारण त्याचा ट्रेनशी थेट संबंध आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. फी मोठ्या माणसाला 90 युरो आहे (जून 2024 पासून), 6 ते 12 वर्षांच्या मुलांना निम्मी, आणि 30,000 युरो कव्हरचा इन्शुरन्स लागतो. अर्ज कुठे करायचा, तर जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार तिथे. हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती वेळेत. मेमध्ये जायचं असतं आणि अर्ज मार्चमध्ये करतात. तेव्हा अपॉइंटमेंट मिळायची मारामार, व्हिसा हातात येतो एप्रिलच्या शेवटी, आणि व्हिसाशिवाय ट्रेनचं तिकीट काढायला मन धजत नाही कारण स्वस्त तिकीट रद्द केलं की बहुतेकदा पूर्ण पैसे परत मिळत नाहीत. मग उरलेल्या आठवड्यात जे मिळेल त्या भावाने काढावं लागतं. म्हणून मेमध्ये जायचं असेल तर अर्ज डिसेंबर-जानेवारीत करा. हॉटेलं फुकट रद्द होणारी घ्या, विमानाचं फक्त रिझर्व्हेशन जोडा, आणि व्हिसा आला की त्याच आठवड्यात ट्रेनला बसा, म्हणजे बुकिंगला.

आता मुख्य गोष्ट, जी मला पहिल्या ट्रिपला अजिबात कळली नव्हती.

आपल्या डोक्यात आपली रेल्वे असते. आपल्याकडे मुंबई-नागपूरचं स्लीपरचं भाडं दोन महिने आधी काढा नाहीतर आदल्या आठवड्यात, साधारण तेच. प्रश्न फक्त कन्फर्म मिळतं की वेटिंग एवढाच. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या फास्ट ट्रेन असं करत नाहीत. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेचारोसा आणि इटालो, जर्मनीची आयसीई, यांचं भाडं विमानासारखं चढतं. बुकिंग उघडल्यावर जे तिकीट 20-30 युरोला दिसतं तेच आदल्या दिवशी तिप्पट-चौपट होऊ शकतं, सीट तीच, डबा तोच. पण तिथल्या लोकल आणि पॅसेंजर टाइपच्या ज्या रिजनल ट्रेन असतात त्यांचं भाडं ठरलेलं असतं, सहा महिने आधी काढा किंवा प्लॅटफॉर्मवर उभं राहून काढा, फरक शून्य. म्हणजे फ्लोरेन्स ते रोम आधीच काढून ठेवायचं, पण फ्लोरेन्स ते पिसा त्याच दिवशी सकाळी हवा बघून. एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

पहिल्या ट्रिपला मला एका एजंटने बऱ्याच देशांचा एकत्र रेल्वे पास गळ्यात मारला. चार माणसांचा. पॅरिस, झुरिक, मिलान, फ्लोरेन्स, रोम असा रूट होता आणि मला वाटलं आता कुठेही चढा-उतरा. पास म्हणजे सीट नाही हे त्याने सांगितलंच नाही. फ्रान्समधल्या टीजीव्ही आणि इटलीतल्या फ्रेचारोसाला पास असला तरी सीटचं रिझर्व्हेशन सक्तीचं असतं, त्याचे माणशी वेगळे पैसे, आणि फ्रान्समध्ये तर पासवाल्यांचा कोटाच ठरलेला असतो. तो आमच्या तारखेला संपलेला होता. स्टेशनवरच्या काउंटरला बाईंनी मान हलवली आणि आम्ही चार जणांची पूर्ण भाड्याची तिकिटं काढली, पास खिशात असताना. आई शेजारी बॅगांवर बसून होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. ते अजून आठवतं.

म्हणून आता मी काय करते ते सांगते, आणि हे वही घेऊनच करा. एका पानावर प्रत्येक लांबचा प्रवास एका ओळीत लिहा, तारीख, कुठून कुठे. समोर त्या देशाच्या रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर दिसणारं सगळ्यात स्वस्त भाडं लिहा, सगळ्या माणसांचं मिळून. खाली बेरीज. दुसऱ्या कॉलमात पासची किंमत आणि त्याखाली प्रत्येक सक्तीच्या रिझर्व्हेशनचे पैसे, तेही सगळ्या माणसांचे. आता दोन्ही बेरजा बघा. बऱ्याच देशांचा एकत्र पास भारतात राहणाऱ्या आपल्याला युरेल नावाचा मिळतो, इंटररेल नावाचा फक्त तिथे राहणाऱ्यांना, त्यामुळे तिथल्या कुणी पुतण्याने इंटररेलचे गुणगान केले तर ते आकडे जसेच्या तसे घेऊ नका. चार-पाच ठरलेल्या शहरांच्या ट्रिपला, तारखा पक्क्या असताना, माझ्या वहीत पास कधीच जिंकला नाही. जिंकतो तो कुणाचा, तर ज्याला रोज सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवायचंय आणि जो जर्मनी-ऑस्ट्रियासारख्या देशांत जास्त फिरणार आहे, जिथे बहुतेक ट्रेनला रिझर्व्हेशन सक्तीचं नसतं. आई-बाबांना घेऊन असं कुणी फिरत नाही.

तिकीट रेल्वेच्या साइटवरच काढा. मधल्या ॲप्स सोयीच्या असतात, पण बऱ्याच जणी वर फी लावतात आणि सगळी स्वस्त भाडी दाखवत नाहीत. साइटवर शहराचं इंग्रजी नाव टाकून काही सापडत नसेल तर तिथलं नाव टाका, फिरेंझे, व्हेनेत्सिया, म्युन्शेन, वीन, प्राहा. आणि कार्डवर इंटरनॅशनल व्यवहार आधी चालू करून ठेवा, पैसे भरायच्या वेळी बँकेच्या ॲपमध्ये शोधत बसलात तर तोवर सेशन संपतं.

दोन देशांमधली ट्रेन असेल तर दोन्ही देशांच्या साइट बघायच्याच. प्राग ते बर्लिन तीच ट्रेन झेक रेल्वेकडे बऱ्याचदा जर्मन साइटपेक्षा स्वस्त दिसते, म्युनिक ते इटलीच्या गाड्या ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या, म्हणजे ओबीबीच्या साइटवर बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि मी यात चार माणसांमागे एका रात्रीच्या हॉटेलइतके पैसे वाचवलेत.

जर्मनीत 15 वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण 6 ते 14 वयाच्या मुलांची संख्या तिकीट काढतानाच टाकावी लागते, नंतर टीसीला सांगून चालत नाही. सगळ्यात स्वस्त जर्मन तिकीट, सुपर श्पारप्राइस, त्याच एका ट्रेनला बांधलेलं असतं. तिथे गाड्या उशिरा धावतात, 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण 62 टक्केच वेळेवर होत्या, तेव्हा ट्रेन बदलायची असेल तर पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. मुक्कामाला 20 मिनिटं किंवा त्याहून जास्त उशिरा पोचणार असाल तर त्याच ट्रेनचं बंधन सुटतं आणि पुढची ट्रेन त्याच तिकिटावर पकडता येते. दहा युरो वाचवायला दोन तुकड्यांत दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिली गाडी लेट झाली तर दुसरं तिकीट गेलं. हे करू नका. माझ्या दिराने केलंय.

फ्रान्समध्ये उईगो नावाची स्वस्त टीजीव्ही आहे, चांगली आहे, पण मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे असतात, ते बुकिंगच्या वेळीच भरा, आणि ती कुठल्या स्टेशनवरून सुटते ते वाचा कारण काही गाड्या पॅरिसच्या आतून न सुटता मार्न-ला-व्हॅलेहून म्हणजे डिस्नेलँडच्या स्टेशनवरून सुटतात. पॅरिसची स्टेशनंही वेगवेगळी आहेत, झुरिकला जायला गार द ल्यों, जर्मनीला बहुतेकदा गार द लेस्त, ब्रसेल्स-ॲमस्टरडॅमला गार दु नॉर. दादरला जायचं आणि पोचलो कुर्ला टर्मिनसला असं होतं.

इटलीत रिजनलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. संप तिथे नेहमीचे असतात, आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक रिजनल गाड्या चालवाव्याच लागतात, त्या धरा. व्हेनिसला राहायला पाण्याच्या अलीकडचं, जमिनीवरचं मेस्त्रे बरं पडतं, ट्रेनने दहा-बारा मिनिटं.

स्वित्झर्लंडला मात्र वरचं सगळं उलटं. तिथे स्विस ट्रॅव्हल पास बहुतेकदा परवडतो, विशेषतः मुलं असतील तर, कारण 6 ते 15 वर्षांची मुलं आई-वडिलांच्या पासवर फॅमिली कार्डाने फुकट जातात. ट्रेन, बस, तळ्यातल्या बोटी, पाचशेहून जास्त म्युझियम सगळं त्यात येतं. मात्र युंगफ्राऊयोख, म्हणजे बर्फातलं उंच डोंगरावरचं रेल्वे स्टेशन, त्यात येत नाही, पास असून फक्त वरच्या टप्प्यावर 25 टक्के सूट, आणि पूर्ण भाडं उन्हाळ्यात माणशी 200 फ्रँकच्या वर जातं. ग्रुप टूरमध्ये ते असतंच म्हणून आपणही केलंच पाहिजे असं नाही. आई-बाबांना मी ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाऊला नेलं आणि तिथून रिगी डोंगराच्या दातेरी रेल्वेने वर. ती 1871 पासून चालते, युरोपातली पहिली डोंगरावरची रेल्वे, आणि बोट आणि रेल्वे दोन्ही पासमध्ये. बाबा अजून त्याचीच गोष्ट सांगतात. पास लागोपाठ दिवसांचा असतो, 3, 4, 6, 8 किंवा 15, तेव्हा सगळं स्विस फिरणं एका सलग तुकड्यात बसवा. फक्त दोनच प्रवास असतील तर पास नको, स्विस रेल्वेच्या एसबीबी ॲपवर सुपरसेव्हर तिकीट बघा.

"रात्रीच्या ट्रेनने जा, हॉटेल वाचतं" हा सल्ला मी आता कुणाला देत नाही. बसायची सीट स्वस्त असते पण दुसरा दिवस झोपेत जातो, आणि झोपायचा बर्थ दोघांचा मिळून हॉटेलच्या आसपासच जातो.

बाकीचं पटापट. किचन असलेली खोली घ्या, कुकर नसला तरी पातेल्यात भात होतो आणि मेतकूट सोबत न्या, पण तूप-पनीर नेऊ नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारीच आणा, अडलंच तर मोठ्या स्टेशनमधली दुकानं उघडी असतात. रोममध्ये रस्त्यावरच्या नळांचं पाणी प्यायचं असतं, बाटली विकत घेऊ नका. कार्ड मशीनने रुपयांत की युरोत असं विचारलं तर नेहमी युरो. हॉटेलवाले घेतात तो शहर कर बऱ्याच ठिकाणी माणशी रोजचा असतो आणि कधीकधी रोख मागतात, तेवढी कॅश वेगळ्या पाकिटात ठेवा.

तिकिटांच्या पीडीएफ सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, आणि गाडीच्या आदल्या रात्री स्टेशनचं नाव परत एकदा वाचा.