पुस्तकावरून वेब ॲप शिकताय? सेशनच्या चॅप्टरला घाई करू नका

व्हेरिएबल, लूप, फंक्शन आणि थोडंफार एचटीएमएल येतंय असं धरून लिहितेय. नसेल येत तर आधी ते करा, कारण बिगिनर्ससाठी म्हणून निघालेली पुस्तकं हे सगळं सुरुवातीला भराभर उरकतात आणि मग एकदम फॉर्म, डेटाबेस, लॉगिन अंगावर येतं. तिथेच बरेच जण पुस्तक मिटून ठेवतात.

पुस्तक कधीचं आहे ते मात्र आधी बघा. पीएचपीचं (सर्व्हरवर चालणारी एक भाषा) जुनं पुस्तक कुणी फुकट देत असेल तरी. डेटाबेसला जोडायची जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकलीत, त्यामुळे पुस्तकातला कोड अक्षर न अक्षर टाइप केला तरी ‘अनडिफाइंड फंक्शन’ येणार आणि तुम्ही स्वतःला ढ समजत बसणार. ढ नाही आहात, पुस्तक शिळं आहे. वर अशा पुस्तकांत बऱ्याचदा युजरने भरलेला मजकूर जसाच्या तसा जोडून क्वेरी बनवलेली असते, ते तर शिकूच नका, एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधून स्वतःची क्वेरी घुसवून डेटाबेसशी खेळणं, होतं ते त्यातूनच. प्लेसहोल्डर (क्वेरीत नुसती रिकामी जागा ठेवून व्हॅल्यू वेगळी द्यायची) वापरायची सवय पहिल्याच क्वेरीपासून लावा.

आता मुख्य मुद्दा, सेशन, म्हणजे एका रिक्वेस्टनंतर पुढच्या रिक्वेस्टलाही तोच माणूस आहे हे सर्व्हरला ओळखता यावं याची सोय. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण मी इथेच अडकले होते आणि अजून आठवलं की डोकं फिरतं.

एचटीटीपीला (ब्राउझर आणि सर्व्हर बोलतात ती पद्धत) काहीही लक्षात राहत नाही. ब्राउझरने रिक्वेस्ट पाठवली, सर्व्हरने उत्तर दिलं, विषय संपला. पुढची रिक्वेस्ट त्याच माणसाची आहे हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. पुस्तकात हे एका वाक्यात असतं, आपण मान डोलावतो आणि पान उलटतो. आणि मग लॉगिन करताना डोक्यात येतं की एवढं कशाला, वर एक ग्लोबल व्हेरिएबल ठेवू, ‘करंट युजर’, लॉगिन झालं की त्यात नाव टाकू. फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेब ॲप लिहायचं फ्रेमवर्क) केलंत किंवा नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) केलंत तर हे चालतं! हाच तर सापळा आहे. तुमच्या मशीनवर तुम्ही एकटेच युजर असता, म्हणून सगळं झकास दिसतं.

मग एक करा. एका साध्या विंडोत एका नावाने लॉगिन करा, दुसरी इन्कॉग्निटो विंडो उघडून दुसऱ्या नावाने करा, आणि आता पहिली विंडो रिफ्रेश करा. तिथे दुसऱ्याचं नाव! कारण तो व्हेरिएबल तुमचा नाहीच, तो त्या सर्व्हर प्रोसेसचा, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रामचा आहे आणि येणाऱ्या सगळ्यांना तोच एक मिळतो. ऑटो-रीलोड चालू असेल तर कोड सेव्ह केला की डेव्हलपमेंट सर्व्हर स्वतःच रीस्टार्ट होतो आणि तो रिकामा, ते वेगळंच. खऱ्या सर्व्हरवर तर बहुतेक वेळा एकाच ॲपच्या चार-पाच प्रोसेस चालू असतात, प्रत्येकीची मेमरी वेगळी, म्हणजे एका क्लिकला लॉगिन आहे आणि पुढच्या क्लिकला नाही. पीएचपीवाल्यांना उलटा अनुभव येतो, तिथे प्रत्येक रिक्वेस्टला व्हेरिएबल नव्याने सुरू होतात, त्यामुळे नाव टिकतच नाही. तक्रार वेगळी, कारण तेच.

खिडकीवरचा कारकून दर वेळी नवा असतो असं समजा, ओळख पटवायची तर टोकन तुमच्याच हातात पाहिजे. ते टोकन म्हणजे कुकी, सर्व्हरने दिलेली आणि ब्राउझरने जपून ठेवलेली छोटी चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ती काढली ती याच अडचणीवर. पण वाचून सोडू नका, डोळ्यांनी बघा. एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब, ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा आणि पुस्तकातल्या सेशनवाल्या कोडने लॉगिन करा. आधी पोस्ट (फॉर्म पाठवणारी रिक्वेस्ट) दिसेल, स्टेटस ३०२ (दुसऱ्या पानावर जा), त्याच्या रिस्पॉन्स हेडरमध्ये ‘सेट-कुकी’. त्याच्याखाली लगेच गेट (पान मागणारी रिक्वेस्ट), स्टेटस २०० (सगळं ठीक), आणि त्याच्या रिक्वेस्ट हेडरमध्ये तीच कुकी ब्राउझरने न सांगता परत पाठवलेली. ती कुकी हाताने डिलीट करून रिफ्रेश करा, लॉगआउट झालेले असाल. एवढं एकदा बघितलं की सेशनचा अख्खा चॅप्टर सोपा वाटतो.

अजून एक गोष्ट, जँगो (पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क) सेशनचा डेटा स्वतःहून डेटाबेसमध्ये ठेवतो आणि कुकीत फक्त आयडी असतो, फ्लास्क मात्र डेटाच कुकीत घालतो. त्यावर सही असते म्हणून कुणाला बदलता येत नाही, पण वाचता आरामात येतो. तेव्हा फ्लास्कच्या सेशनमध्ये पासवर्ड-बिसवर्ड ठेवू नका, प्लीज.

बाकी चॅप्टरना एवढं घाबरायचं कारण नाही. फॉर्ममधली व्हॅल्यू सर्व्हरला पोचत नसेल तर इनपुटला ‘नेम’ दिलंय का बघा, नुसता आयडी असेल तर ती फील्ड पाठवलीच जात नाही. सीएसएस बदलूनही पान तसंच दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर. ४०४ म्हणजे यूआरएलकडे बघा, ५०० म्हणजे टर्मिनलकडे बघा. टर्मिनलमधला एरर पायथनमध्ये खालून वर वाचायचा, शेवटच्या ओळीत खरं कारण असतं, हे कुणीतरी लवकर सांगायला हवं होतं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. कीबोर्ड ओढून घेऊन दोन मिनिटांत कोड चालू करून देणारा सीनियर कितीही भला असला तरी त्याच्याकडून शिकायला काही मिळत नाही. ‘नेटवर्क टॅबमध्ये काय दिसतंय?’ एवढंच विचारून निघून जाणारा चांगला, तेव्हा राग येतो पण. एआयचंही तसंच, कोड लिहून मागू नका, आलेला एरर समजावून मागा. आणि ‘हे सोड, डायरेक्ट रिॲक्ट शिक’ म्हणणाऱ्यांना होहो म्हणा आणि पुस्तक पुढे चालू ठेवा. रिॲक्ट ही ब्राउझरमधलं पान बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, तिच्यातूनही शेवटी हीच रिक्वेस्ट जाणार आहे.

पुस्तकातला कोड कॉपी-पेस्ट न करता टाइप करा. हळू होतं, कंटाळा येतो, एक चॅप्टर आठवडाभर चालतो. चालू दे. मला तर डेटाबेस जॉइन (दोन टेबलं जोडणाऱ्या क्वेरी) अजूनही कागदावर काढून बघावे लागतात आणि कामं तरीही होतात.

डिप्लॉयचा, म्हणजे ॲप इंटरनेटवर चढवायचा चॅप्टर शेवटी असतो म्हणून शेवटी करू नका. पानावर नुसतं नाव दाखवणारं ॲप झालं की तेच कुठेतरी वर टाकून बघा, लहान असतं तोवर काय बिघडलं ते सापडतं. फक्त टाकण्याआधी डीबग मोड बंद करा, नाहीतर एरर आला की तुमच्या कोडच्या ओळी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील.