विषमता टिपायची तर आधी विशेषणं खोडा

माझ्या पहिल्या निरीक्षणवहीतलं पहिलंच वाक्य असं आहे: 'गरीब दिसणारी एक बाई खिडकीपाशी घाबरत बोलली.' एका दवाखान्यात, रुग्ण ताटकळत बसतात त्या खोलीत लिहिलेलं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी 'गरीब दिसणारी' आणि 'घाबरत' एवढंच पेन्सिलीने खोडलं आणि विचारलं, "आता काय उरलं?"

दुसऱ्या दिवशी लिहिलं ते असं: 'बऱ्याच खुर्च्या रिकाम्या, तरी उभी. कागद दोन्ही हातांत धरलेला. खिडकीपाशी तीनदा गेली, दोनदा न बोलता परतली. तिसऱ्यांदा बोलू लागली. वाक्य पुरं व्हायच्या आत "बसा तिकडे".' रोजच्या जगण्यातल्या विषमतेचा अभ्यास करायचा असेल तर आधी अशी नोंद लिहायला शिका. सिद्धांत नंतर वाचता येतात.

एकच जागा निवडा आणि निदान आठवडाभर ठरलेल्या वेळी तासभर तिथे बसा. जिथे बसणार तिथल्या प्रमुखांची परवानगी आधी घ्या. वहीत कुणाचंही खरं नाव नको. जागेवर चारदोन शब्द टिपा आणि झोपण्यापूर्वी पूर्ण नोंद लिहा, कारण रात्र उलटली की आठवण स्वतःच्या सोयीने गोष्ट रचते. पानाच्या मधोमध रेघ मारा: डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे वाटलं ते.

मग मोजता येईल अशी एक साधी गोष्ट शोधा. ऑस्ट्रियातल्या मारीएन्थाल गावची गिरणी बंद पडून जवळजवळ सारं गाव बेकार झालं, तेव्हा मारी यहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांचं चालणं घड्याळ लावून मोजलं. पुरुष सावकाश चालत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका झपाझप जात, कारण पगार थांबला तरी घरकाम थांबलं नव्हतं. १९३३ साली आलेला हा अभ्यास मला आजही थक्क करतो. 'बेकारीत वेळ कसा जातो?' या प्रश्नाला मुलाखतीत कुणी इतकं नेमकं उत्तर देणार नाही.

मोजण्याआधी व्याख्या मात्र पक्की करा. डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोघांचं बोलणं सहज एकमेकांवर चढणं आणि एकाने दुसऱ्याला मध्येच तोडणं हे वेगळं धरलं. स्त्री-पुरुषांच्या ११ संभाषणांत तोडण्याचे ४८ प्रसंग निघाले, त्यातले ४६ पुरुषांचे. नमुना लहान आहे, त्यावरून साऱ्या जगाबद्दल बोलू नये. पण ही फोड केली नसती तर ४६ हा आकडा दिसलाच नसता.

स्वतःचीही नोंद ठेवा. तुम्हाला खुर्ची कुणी दिली? अहो-जाहो झालं की एकेरी? तुमचे कपडे आणि भाषा पाहून लोक काय दाखवायचं ते ठरवत असतात.

लोकांशी बोलायची वेळ शेवटी येते. 'तुमच्याशी भेदभाव होतो का?' असं विचारलं तर बहुतेक जण 'नाही' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी 'आज घरातून निघाल्यापासून काय काय झालं ते सांगा' म्हणा आणि गप्प बसा. शांतता लांबली तरी मध्ये बोलू नका. हे मला जमायला फार वेळ लागला.

त्या उभ्या बाईंना मी चौथ्या दिवशी तसंच विचारलं. उजव्या रकान्यात तोवर मी 'संकोच' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खुर्च्यांपर्यंत नाव ऐकू येत नाही. मागच्या वेळी माझा नंबर गेला. सोबत कुणी असतं तर बसले असते."

मी 'संकोच' खोडला आणि दुसऱ्या दिवसापासून नवा रकाना आखला: सोबत कोण आहे.