कोकोपीटमधल्या झाडाची पानं पिवळी पडली तर

आधी पिवळेपणा कुठे सुरू झाला ते बघा. खालची जुनी पानं की शेंड्याची कोवळी? निम्मं निदान इथेच होतं.

जुनं पान उजेडासमोर धरा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियम कमी पडतंय. कोकोपीटमध्ये हे फार दिसतं, कारण कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, आणि त्यात पोटॅशियम आणि सोडियम मुळातच असतं. भुसा ते पाण्यात सोडतो आणि त्याच्या जागी खतातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो. लिटरला 1 ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) पाण्यातून द्या. डागाळलेलं पान पुन्हा हिरवं होईलच असं नाही, नवीन डाग थांबले की समजायचं जमलं.

जुनं पान शिरांसकट सरसकट फिकट झालं, तर नायट्रोजनची कमतरता. कोकोपीटमध्ये स्वतःचं खत जवळजवळ नसतंच, नुसत्या पाण्यावर झाड उपाशी राहतं.

कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या? लोह. पण लगेच लोह ओतू नका, आधी पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप) मोजा. 5.8 ते 6.2 हवा, 7 च्या वर लोह कुंडीत असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं वाकडी आणि तपकिरी ठिपक्यांची असतील, तर कॅल्शियमवर संशय घ्या.

टोकं करपलीत? बहुधा क्षार साचलेत. खालून निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (पाण्यात क्षार किती ते दाखवणारा आकडा) वरून दिलेल्यापेक्षा बराच जास्त आला, तर कुंडीच्या तिप्पट पाणी सौम्य खत घालून सोडा. एरवीही दर वेळी 10 ते 20 टक्के पाणी निथळू द्या.

आणि हो, पान उलटून बघायला विसरू नका. बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे, खताचा दोष नाही.