एअर प्युरिफायर आणला, शिंका मात्र तशाच? या चुका टाळा

दिवाळीच्या फटाक्यांनंतर मुंबई-पुण्यात एअर प्युरिफायर धडाधड विकले जातात आणि संक्रांतीपर्यंत तेच लोक कुरकुरायला लागतात: पंधरा हजार घातले, पोरगं अजून सकाळी उठलं की शिंकतंच. मशीन सहसा बिघडलेलं नसतं. ज्या खोलीसाठी घेतलं तिला ते पुरत नसतं, किंवा ज्याची ॲलर्जी आहे ते मशीनच्या तोंडापर्यंत पोचतच नसतं. दोन्ही गोष्टी खरेदीआधी अर्ध्या तासात तपासता येतात. पण तो अर्धा तास कुणाला द्यायचा नसतो. सेल संपत असतो.

ॲलर्जी कशाची, तेच माहीत नसणं

‘धुळीची ॲलर्जी’ एवढ्यावर काही निवडता येत नाही. घरातल्या धुळीत माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) आणि त्यांची विष्ठा, झुरळांचे अवशेष, बुरशीचे बीजाणू, कुत्र्या-मांजरांच्या अंगचा कोंडा, बाहेरून आलेले परागकण असं सगळं असतं आणि प्रत्येकाची चाल वेगळी. माइट्सच्या विष्ठेचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे जड. चादर झटकली की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत परत खाली बसतात. झुरळांच्या कणांचंही तसंच. मांजराच्या ॲलर्जनचा (ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थाचा) बराच भाग फार बारीक कणांवर बसलेला असतो, तो तासन्‌तास तरंगतो. तिथे प्युरिफायर खरंच कामाला येतो. गाजर गवताचे परागकण खिडकीतून आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवरून आत येतात.

म्हणून आधी स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीला हलकं टोचून ॲलर्जी कशाची ते बघणारी चाचणी, करून घ्या. टेस्टच्या किती दिवस आधी ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या ते डॉक्टरांना विचारा, कारण गोळी चालू असताना टेस्ट फसते. माइट्स निघाले तर पैशांचा पहिला वाटा गादीवर जायला हवा, मशीनवर नाही. गादीचं पुढे येतंच.

खोक्यावरचे ‘चौरस फूट’ खरे मानणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि जवळपास प्रत्येक घरात दिसते.

खोक्यावर ‘४०० चौरस फुटांसाठी’ असं लिहिलेलं असतं. तो आकडा मशीन फुल स्पीडवर चालवून, तासाला हवा किती वेळा फिरवायची हे कंपनीने सोयीने धरून काढलेला असतो. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा फिल्टरमधून जायला हवी. खोक्यावरचा हिशेब अनेकदा दोन-तीन वेळांवरच थांबतो. शिवाय छताची उंची त्यात नसतेच. जुन्या इमारतीतलं अकरा फुटी छत आणि नव्या टॉवरमधलं नऊ फुटी, दोन्ही खोल्या एकाच मापात.

बघायचा आकडा एकच: सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. हिशेब तोंडी होतो. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत घ्या, गुणाकार करा, त्याला पाचने गुणा, ३५ ने भागा. दहा बाय बाराची बेडरूम, छत दहा फूट: १,२०० घनफूट. गुणिले पाच ६,०००, भागिले ३५ म्हणजे १७० च्या आसपास. एवढा सीएडीआर लागतोच. काही मशीनवर आकडा घनफूट प्रति मिनिटात असतो, त्याला १.७ ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात. ऑनलाइन तुलना करताना हे एकक न बघता ‘हा २०० वाला, तो ३०० वाला’ म्हणणारे खूप आहेत. त्यांतला २०० वाला प्रत्यक्षात ३४० चा असू शकतो.

आणि इथेच खरी मेख आहे. हा सीएडीआर फुल स्पीडचा. फुल स्पीडवर मशीनचा आवाज असा होतो की रात्री दहाला कुणीतरी उठून ते ‘स्लीप’ वर टाकतं. स्लीपवर ३०० चं मशीन ६०-८० वर येतं. म्हणजे ज्या आठ तासांसाठी ते घेतलं, त्या आठ तासांत हवा तासाला दोनदाच फिरते. म्हणून माझा नियम: हिशेबाने जो आकडा येईल त्याच्या दुप्पट सीएडीआरचं मशीन घ्यायचं आणि मधल्या स्पीडवर चालवायचं. दहा बाय बाराला ३०० ते ३५०. झोपण्याच्या तासभर आधी दार-खिडक्या लावून फुलवर, मग रात्रभर मधल्यावर. मोटर ४०-५० वॉटची असते. दहा तास चाललं तर अर्धं युनिट जेमतेम. बिलाच्या भीतीने बंद ठेवण्यात काही राम नाही.

‘हॉल आणि बेडरूमला मिळून एक’ ही कल्पनाही सोडा. हॉलमध्ये ठेवलेलं मशीन बेडरूमची हवा ओढत नाही.

हेपाच्या ग्रेडवर अडून बसणं

हेपा म्हणजे बारीक कण अडवणारा दाट फिल्टर आणि एच१३, एच१४ या त्याच्या ग्रेड. त्यांवरून वाद घालणारे सीएडीआर विचारत नाहीत. एच१३ पकडायला सगळ्यात अवघड आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडवतो, त्याहून खालच्या ग्रेडचा ई११ हा ९५ टक्के. ॲलर्जीचे बहुतेक कण त्या अवघड आकारापेक्षा मोठे, म्हणजे आणखी सहज अडकणारे. आता गणित बघा: तासाला १५० घनमीटर हवा ९९.९५ टक्के गाळून १५० च राहते, ३०० घनमीटर ९५ टक्के गाळून २८५ होते. दुसरं मशीन सरळ सरळ जास्त स्वच्छता करतं. मात्र ‘हेपा टाइप’, ‘हेपा लाइक’ असं मोघम लिहिलेलं, ग्रेड नसलेलं काही घेऊ नका. त्या शब्दांमागे कुठलंही मोजमाप नसतं.

एसीच्या जाळीवर फिल्टरचं कापड चिकटवणं

हा शॉर्टकट व्हिडिओंमुळे इतका पसरलाय की याबद्दल सविस्तर सांगावंच लागतं.

युक्ती अशी: दोनशे-तीनशे रुपयांचं फिल्टरचं कापड आणायचं, मापाने कापायचं आणि स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटच्या जाळीवर लावायचं. झाला म्हणे प्युरिफायर. एसीतला लांबट ब्लोअर मोकळ्या जाळीतून हवा ओढण्यासाठी बनवलेला असतो. जाड कापडातून हवा खेचण्याएवढा दाब त्याच्याकडे नसतो.

पुण्यातल्या एका घरात हे कसं उलटलं ते पाहण्यासारखं आहे. मुलीला दमा, म्हणून बाबांनी कौतुकाने दुहेरी कापड लावलं. दोन आठवड्यांत थंडावा कमी झाला. कॉइलवरून (एसीतल्या गार नळ्यांवरून) हवाच पुरेशी जात नव्हती, त्यामुळे कॉइलचं तापमान शून्याखाली गेलं आणि बर्फ धरला. गॅस कमी असला तरी असाच बर्फ धरतो, म्हणून आलेल्या टेक्निशियनने जाळी न काढताच गॅस भरला. फरक नाही. दुसरा आला, त्यानेही गॅसवरच बोट ठेवलं. दरम्यान रोज रात्री एसी बंद केला की बर्फ वितळून पाणी ट्रेच्या बाहेर, भिंतीत. महिन्याभरात युनिटच्या मागे, मुलीच्या उशाच्या बरोब्बर वर, काळी बुरशी. तिसऱ्या माणसाने जाळी काढली तेव्हा कापड हातात आलं. तोवर गॅसचे, रंगाचे आणि वॉटरप्रूफिंगचे मिळून एका चांगल्या प्युरिफायरचे पैसे गेले होते आणि मुलीचा खोकला वाढला होता.

इन्व्हर्टर एसीत बर्फ धरण्याआधी सहसा कॉम्प्रेसर स्वतःच मंदावतो, त्यामुळे पाणी बहुधा गळत नाही. खोली थंड होत नाही आणि बिल मात्र येतं. कापड काढा. एसीची मूळ जाळी दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून बसवा आणि वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, कॉइलसोबत ब्लोअरही पंपाने धुऊन घ्या. ब्लोअरच्या पात्यांवर टॉर्च मारून बघा. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे आणि ती रोज तुमच्या तोंडावर फुंकली जातेय.

गादी विसरणं

माइट्सची ॲलर्जी असेल तर नाक उशीपासून दोन इंचांवर आणि प्युरिफायर सहा फुटांवर, यात कोण जिंकणार ते उघड आहे. गादी आणि उशीला बारीक विणीची, चेनवाली पूर्ण खोळ घाला. विणीतली छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत, तसं लेबलवर बघून घ्या. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश पाण्यात. फ्रंट लोडला ती सेटिंग असते; मशीनला हीटर नसेल तर गीझरच्या कडक पाण्यात अर्धा तास भिजवून मग लावा. गादीला ऊन दाखवण्याची आजीची पद्धत चांगलीच आहे, बरेच किडे मरतात. पण विष्ठा तशीच राहते, म्हणून गादी गच्चीवर नेऊन झोडपायची, बाल्कनीत नाही. झोडपणारा ॲलर्जीवाला नको आणि त्याच्या नाकावर मास्क असला तरी नको.

धुऊन वापरणं

‘फिल्टर तीन हजारांचा आहे हो, धुऊन बघितला तर काय बिघडतं?’ बिघडतं. बहुतेक हेपा फिल्टरमधले धागे कृत्रिम असतात आणि त्यांच्यावर विद्युतभार दिलेला असतो. बारीक कण पकडण्याचं अर्धं काम तो भार करतो. साबणाच्या पाण्याने तो उतरतो, घड्या सैल पडतात आणि आतली ओल आठवडाभर वाळत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारली तर धागेच फाटतात. बाहेरून फिल्टर पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे माणूस खूश. धुवायची ती फक्त बाहेरची प्री-फिल्टरची जाळी. शेजारी रिडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर दर आठवड्याला.

ऑटो मोडवर भरवसा

मशीनचा सेन्सर बारीक धूर-धूळ मोजतो. माइट्सचे आणि परागकणांचे मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत. तुम्ही चादर झटकता, नाक वाहायला लागतं आणि मशीनवर हिरवा दिवा. पावसाळ्यात उलटं: दमट हवेतले पाण्याचे थेंब मोजून ते उगाच लाल होतं. स्पीड हाताने लावा. झाडताना आणि पुढे अर्धा तास फुलवर. त्याहून बरं म्हणजे कोरडा झाडू सोडून ओल्या फडक्याने पुसणं.

आता भराभर:

फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढा. हसू नका, पिशवीसकट वर्षभर चाललेली मशीन्स निघतात.

सोफ्यामागे, पडद्याआड ठेवू नका. भिंतीपासून फूट-दीड फूट सोडा.

आयोनायझरचं (हवेत विद्युतभार सोडणाऱ्या सोयीचं) बटण बंदच ठेवा. ओझोन वायू तयार होऊ शकतो आणि दम्याला तो वाईट.

कार्बनचा थर वासासाठी असतो, ॲलर्जनशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

मशीन चालू आणि शेजारी अगरबत्ती, धूप किंवा डासांची कॉइल, असं करणाऱ्यांना काय सांगावं. स्वयंपाकघराच्या दाराशीही नको. फोडणीची तेलकट वाफ फिल्टर चोंदवते.

हवा शुद्ध करणारी झाडं म्हणून बेडरूममध्ये कुंड्या ठेवू नका. ओली माती म्हणजे बुरशी.

बुरशीची ॲलर्जी आणि कोकणपट्टीतला पावसाळा असेल तर आधी चार-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहात असेल तर बीजाणू कितीही गाळा, भिंत नवे देतच राहील. एसी ड्राय मोडवर किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावा, त्याची टाकी रोज रिकामी करा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. ५० च्या खाली आणता आलं तर माइट्सही कमी होतात.

मशीन निवडण्याआधी त्याच्या फिल्टरची किंमत आणि उपलब्धता बघा. स्वस्त मशीनचा फिल्टर दोन वर्षांत बाजारातून गायब झाला की मशीन भंगारात. बदलण्याचा दिवा तासांवर चालतो, मळावर नाही, म्हणून मी फिल्टरच्या कडेला बसवल्याची तारीख मार्करने लिहिते आणि दर तीन महिन्यांनी काढून बघते. बघताना फिल्टरच्या चौकटीची स्वच्छ बाजू बघायची. कडेला करडी रेघ दिसली तर हवा फिल्टरला वळसा घालून जातेय: एक तर फिल्टर डुप्लिकेट असून मापाला मिलिमीटरभर कमी आहे, नाहीतर खाचेत धूळ साठून गॅस्केट (कडेची हवाबंद पट्टी) नीट दबलेलं नाही. खाच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, तोच फिल्टर परत दाबून बसवा आणि आठवड्याने पुन्हा बघा. रेघ गडद झाली असेल तर फिल्टर दुकानदाराला परत करा.